मधातली गोळी

"रक्तात औषध फारच कमी आहे. तुम्ही गोळ्या घेत नाही," दौंडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला सातवा महिना, हाताला सलाईन, जीभ दातांखाली सापडून सुजलेली. बोलता येत नव्हतं, पण मनात नाव तयार होतं. माझ्या सासूचं.

मला एपिलेप्सी आहे. म्हणजे मेंदूतल्या विजेचा मधेच गोंधळ होतो आणि फिट येते. दहावीपासूनचं दुखणं, लग्न ठरताना आम्ही लपवलं नव्हतं. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांनी जुनी गोळी बाळाला चालत नाही म्हणून बदलली आणि बजावलं, "ही मात्र चुकवायची नाही. फिट आली तर बाळाच्या जिवाला धोका असतो."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासरी शिक्रापूरला त्यांचं एकच टुमणं, "येवढ्या गोळ्या पोटातल्याला सोसत्यात का? कमी न्हाई का व्हायच्या?" तपासणीला सोबत येऊन डॉक्टरांनाही तेच विचारायच्या. डॉक्टर नाही म्हणाले, तरी माझा जीव थाऱ्यावर नसायचा. गोळ्यांचा डबा मी उशाशी ठेवायचे आणि पाकीट उलटसुलट करून बघायचे. नवरा हसायचा, "पोलिसात भरती व्हय आता." मला वाटायचं, हाही आईच्याच पार्टीतला.

म्हणून ओटभरण झाल्यावर, पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने मी मांडवगण फराट्याला आले तेव्हा मनात म्हटलं, सुटले बाई. डबा सरळ आईच्या हातात दिला. गोळी गिळताना उमासे यायचे. डॉक्टरांना फोनवर विचारून आई ती कुटून मधात चाटवायला लागली. आधी चाटण कडूजहर लागायचं. मग कडूपणा कमी झाला. आईने मध वाढवला असेल, एवढंच मला वाटलं. जगावर संशय घेणारी मी, तिथे मला काही सुचलं नाही.

एका दुपारी ओट्यावर मेथी निवडत होते. पुढचं आठवतं ते दवाखान्यातलं.

मी कशीबशी म्हणाले, "पाकिटं सासूच्या घरून आलीत. ती तपासा." मॅडमनी पाकीट पाहिलं. औषध तेच, तारीख ठीक. मग त्यांनी विचारलं, "गोळी देतं कोण?"

आई भिंतीला टेकून उभी होती. पदराने तोंड दाबत म्हणाली, "अर्धीच देत व्हते मी. बाया म्हणत्यात, आसल्या गोळ्यांनी लेकरू मंद निपजतं. हिला इचारलं आसतं तर भांडली आसती."

मॅडम चिडल्या नाहीत. "गरोदरपणात शरीर हे औषध लवकर बाहेर टाकतं. डोस उलट वाढवावा लागतो. तुम्ही निम्मा केलात."

सोनोग्राफीसाठी बाकावर थांबावं लागलं. आई शेजारी बसली. मी सरकून बसले. मशीनवर बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही. ऐकू आल्यावरही नाही.

संध्याकाळी आत्या आल्या. आता आईचा उद्धार होणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, भ्या मला बी वाटत व्हतं. म्हणून तर मी समद्यांना इचारत व्हते." मग, "आता बाळंतपण आमच्याकडंच." भावकीत कुजबुज झाली.

मुलगी झाली. डॉक्टरांनी नखशिखांत तपासली आणि ठणठणीत म्हणाले. तेव्हा मी मोठ्याने रडले.

माझ्यासारखं कुणी असेल, तर आपल्या मनाने गोळी कमी करू नका, कुणाला करू देऊ नका. उघड विचारणारीला मी वैरीण ठरवलं आणि गप्प राहणारीवर डोळे मिटून विसंबले. आईवरचा राग अजून गेलेला नाही. तिच्या हातची गोळी मी आजही घेत नाही.

बाळाच्या लसीला आई आली होती. डॉक्टरांसमोर बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. उठायच्या वेळी म्हणाली, "सायेब, ही गोळी चालू आसताना पोरीनं अंगावर पाजलं तर चालंल का?"

"चालेल. बाळ फार झोपाळू वाटलं तर दाखवा," डॉक्टर म्हणाले.

उत्तर मला आधीच ठाऊक होतं. तरी मी मधे बोलले नाही. तिला विचारू दिलं.