विसावी पन्हळ

हेरादेवीच्या देवळाचा पहिला खांब उभा राहायचा होता, तेव्हा फिलिनोस पाथरवट ऐन तिशीत होता. तळच्या दगडावर वीतभर उंचीच्या वीस पन्हळी, म्हणजे खांबाभोवतीच्या उभ्या खोबणी, कोरणं हे त्याचं काम. छप्पर चढलं की त्याच रेषा धरून इतरांनी वरपर्यंत कोरत जायचं, अशी रीत. त्या दिवशी सणाची द्राक्षदारू अजून डोक्यात होती. विसावी पन्हळ बोटभर अरुंद झाली आणि तो गप्प बसला.

छप्पर चढलं, पण पाठोपाठ लढाई आली आणि काम अडलं. तीस वर्षं तो त्या बाजूला फिरकला नाही.

यंदा परांची बांधलेली दिसली तसा म्हातारा काठी टेकत मुकादम दामोनकडे गेला.

"विसावी चुकलीय. माझ्याच हातची."

"आजोबा, आत्ता सांगताय? वर अख्खं छप्पर बसलंय. खालचा दगड काय दातासारखा उपटू?"

"निदान वर तरी रुंद करा."

"म्हणजे शेजारचीच्या पोटात शिरू? जा, सावलीत बसा."

फिलिनोस बसला. परांचीवरचा कारागीर मोठा कसबी होता. त्यानं ती चूक केसभरही न ढळू देता थेट छपरापर्यंत नेली.