दोन हातांची खुर्ची

आमची शकूताई घरी जमिनीवर मांडी घालून बसायची. तिथेच जेवायची, तिथेच पेपर वाचायची आणि वाचता वाचता तिथेच पेंगायची. पण कामाला म्हणून कुठे गेली की खुर्चीशिवाय टेकायची नाही. "बसा" म्हटलं की ती आधी आजूबाजूला बघायची. खुर्ची दिसली तर बसायची, नाही तर खांद्याला पिशवी लावून उभी राहायची. रागावून नव्हे. उशिरा येणाऱ्या बसची वाट बघावी तशी, अगदी शांतपणे. शांत तीच असायची. शेजारी उभा असलेला मी मात्र घामाघूम.

कळमेश्वरच्या एमआयडीसीत सरकीच्या ढेपेचा, म्हणजे गुरांच्या पेंडीचा, एक कारखाना होता. तिथे मी तिला पहिल्यांदा स्कूटरवरून घेऊन गेलो, तो रविवार मला चांगला आठवतो. शेठजी माणूस वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि ढेपेच्या पोत्यांकडे हात करून म्हणाले, "बैठो मॅडम, बोरी नरम है." मी तोवर बसलोही होतो. पोतं खरंच नरम होतं. ताई म्हणाली, "कुर्सी मंगवा लो शेठजी, मैं रुकती हूँ." कारखान्यात खुर्ची एकच होती, तीही घडीची आणि लोखंडी, आणि तिच्यावर खुद्द शेठजी बसले होते. शेवटी शेजारच्या कारखान्यातून एक स्टूल आलं. ताईने स्टुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी चहात बघू लागलो. त्या दिवशी तिने सगळा हिशेब उभ्याने, टेबलावर वाकून लिहिला आणि घरी आल्यावर कमरेला शेक घेतला.

हे समजायला आमच्या आबांकडे, म्हणजे वडिलांकडे, जावं लागेल. आबा मिलमध्ये साचेवाले, मागावरचे कामगार. लहानपणी ते शाळेत गेले ते स्वतःचं बारदान काखेत मारून, आणि त्यांना ते दाराबाहेर अंथरावं लागे. शाळा लवकरच सुटली, बारदान लक्षात राहिलं. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीत शिक्षणाचं वारं शिरलं, त्यात ताई शिकली. रात्रीच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली आणि एका सरकारी ऑफिसच्या हिशेब विभागात लागली. ती पर्मनंट झाल्यावर आबा एकदाच तिचं ऑफिस बघायला गेले. आत गेले नाहीत. खिडकीतून पाहिलं आणि परत आले. आईने विचारलं, कशी दिसते पोरगी? आबा म्हणाले, "खुर्ची हातवाली हाये वं. दोन्ही बाजूले हात." पोरगी कशी दिसत होती ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा पाहिलंच नसावं.

या खुर्चीवरून ताई एक दिवस उठून आली. जेवताना, वरणाची वाटी पुढे ओढता ओढता म्हणाली की राजीनामा दिला. आता ठेक्यावर काम घेणार. लहान कारखान्यांना, दुकानदारांना पगारी हिशेबनीस परवडत नाही. त्यांचं महिन्याचं लिखाण आणि वर्षाचा ताळेबंद ती करून देणार. एका सीएच्या ऑफिसातून तीन कामं मिळतील असं ठरलंय.

आईचा हात तव्यावरच थांबला. आबांनी विचारलं, "काहून?"

"त्यायनं मले खुर्ची देल्ली, काम नाई देल्लं," ताई म्हणाली. "इतकी वर्षं पावत्या चिकटवून राहिली मी. ताळेबंदाची वेळ आली का मोठे बाबू म्हनतेत, बाई, तुम्ही कशाला त्रास घेता. गोड बोलतेत. मी काय तिथं शोभेले बसू?"

आबा एवढंच म्हणाले, "खुर्ची कोनाले देल्ली?"

"तिथंच हाये. कोनी तरी बसन."

आबांनी ताटात हात धुतला. त्या दिवसापासून ते ताईशी बोलेनासे झाले.

वस्तीत तर हाहाकार. तिने नवरा सोडला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. मुळात तिने तो केलाच नव्हता, ती गोष्ट वेगळी. पण पर्मनंट सोडायची? समजूत घालायला घरच्यांनी मला पाठवलं. मी नुकताच एका खात्यात पर्मनंट झालो होतो, त्यामुळे उपदेशाचा साठा ताजा होता. पेन्शन, रजा, दवाखान्याचा खर्च, सगळं मी तिला नीट सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "झालं? येत्या रविवारी कळमेश्वरले सोडून देजो." तिथून माझे रविवार गेले ते गेलेच.

ठेक्याचं काम म्हणजे काय, हे त्या रविवारांनी मला शिकवलं. एक आरागिरणी, एक सोडा-बाटलीवाला आणि हा ढेपेचा कारखाना. तिन्ही ठिकाणी ती कुणाचीच नव्हती. गेटवर दर वेळी नवा चौकीदार आणि दर वेळी तोच प्रश्न, कोणाला भेटायचंय? आत गेलं की कपाटाची किल्ली हरवलेली. किल्ली सापडली की शेठ बाहेर गेलेले. तिला कावीळ झाली तेव्हा आरागिरणीवाल्याने फार आपुलकीने सांगितलं की आराम करा, महिनाभर दुसऱ्याला बघायला लावतो. तो दुसरा पुढे कायमचा बघत राहिला. ताई म्हणायची, "मस्टर नाई ना गा. मी आली का नाई आली, हे बी मलेच ध्यानात ठेवा लागते."

अशाच एका रविवारी परतताना काटोल नाक्याच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो. तीही उभी, मीही उभा. टपरीवर खुर्चीचा प्रश्न नव्हता. ती एकदम म्हणाली, "तिथं खुर्ची होती, काम नव्हतं. इथं काम हाये, खुर्ची नाई. दोन्ही एका जागी काहून भेटत नाई गा सुध्या?" मी म्हटलं, दुसरा चहा घेतेस का? मला अडचणीचा प्रश्न आला की मी चहा मागवतो. माझी नोकरी त्याच्यावरच टिकली आहे.

आबा ताईशी बोलत नव्हते, पण माझ्या स्कूटरचा आवाज आला की बाहेर येऊन बसायचे. एका संध्याकाळी विचारलं, "कायच्यावर बसवतेत तिले?" मी म्हटलं, बसतच नाही ती. उभीच असते. "पन बस कायच्यावर म्हनतेत?" मी सांगून टाकलं, पोत्यावर. आबांनी मान हलवली आणि आत गेले.

पुढच्या आठवड्यात नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरासमोर सायकल-रिक्षा थांबला. रिक्षात आबा नव्हते, आबा रिक्षामागे चालत होते. रिक्षात खुर्ची होती. सागवानी, वेताच्या बैठकीची, जुन्या फर्निचरच्या दुकानातून निवडून आणलेली, आणि दोन्ही बाजूंना चांगले रुंद हात. ताई दारात उभी होती. आबा तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "कळमेश्वरले नेऊन दे. वेत ओला नको होऊ देऊ."

नागपूरहून कळमेश्वरपर्यंत स्कूटरवर खुर्ची नेणं हा माझ्या आयुष्यातला सर्वांत धाडसी प्रवास आहे, यावरून आयुष्याचा अंदाज यावा. खुर्ची मागच्या सीटवर उलटी बांधलेली, चारी पाय आभाळाकडे. ताई शहाणी, ती एसटीने गेली. नाक्यावर हवालदाराने थांबवलं. "काय गा, कोनाची खुर्ची पळवून राहिला?" मी खरं ते सांगितलं, बहिणीची आहे, कामावर पोचवतोय. त्याने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "लोकं कामावर डबा पोचवतेत."

कारखान्यात शेठजींनी खुर्चीभोवती एक फेरी मारली. मग स्वतःच्या घडीच्या खुर्चीकडे बघून विचारलं, "तो फिर मैं कहाँ बैठूँ?" ताई हसली नाही. तिने पदराने बैठक पुसली, बसली, दोन्ही हातांवर कोपरं ठेवून पाहिली आणि पाठ टेकवली. मग कपाटाची किल्ली मागितली. त्या वर्षीचा ताळेबंद तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने केला. सीएसाहेबांनी सही करताना काही विचारलं नाही. न विचारणं ही त्यांची शाबासकी असते, असं तिनेच मला सांगितलं.

खुर्ची पोचवली त्या संध्याकाळी घरी आबा ओट्यावर होते. "बसली?" मी म्हटलं, बसली. "टेकून?" टेकून. रात्री जेवताना आबा ताईला म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाये." इतक्या महिन्यांनंतरचं ते पहिलं वाक्य. भाजी आईने केली होती, पण आईही काही बोलली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मला माझे रविवार परत मिळाले असते. पण दुसऱ्या महिन्यात गेलो तर खुर्चीवर फोरमन झोपलेला. त्यानंतर कधी तिच्यावर चौकीदाराचा धुतलेला शर्ट वाळत असायचा, कधी वजनाची मापं, एकदा तर कोंबडी. ताई दर वेळी उभी राहायची, खुर्ची रिकामी होईपर्यंत. एकदा ढेपेचं पोतं आदळून खुर्चीचा डावा हात निखळला, तेव्हा आबांनी स्वतः जाऊन सुतार गाठला. ताई एरवी कुरकुर करणारी नव्हे, पण त्या दिवशी स्कूटरवर मागून म्हणाली, "माझीच खुर्ची अन् दर महिन्याले मीच मागून राहिली. कंटाळली गा मी." वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. पण मी म्हटलं, मग परत नोकरी बघू? ती म्हणाली, "नाई. ताळेबंद कोन करन?"

अशी वर्षं गेली. आबा गेले. आमच्या ऑफिसात दर महिन्याला कुणाचा तरी निरोप समारंभ असतो. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि लांबलचक भाषण. ठेक्याच्या माणसाला निरोप नसतो. ताईची किडनी बिघडली, दोन महिने ती कारखान्यात जाऊ शकली नाही, आणि तिथे दुसरं माणूस आलं. तिचं काम असं संपलं. पुढच्या उन्हाळ्यात तीही गेली.

महिन्याभराने आई मला म्हणाली, "आबाची खुर्ची घिऊन ये." मी दोर घेऊन कळमेश्वरला गेलो. शेठजी आता म्हातारे झाले होते. ताईचं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आत खुर्चीवर एक मुलगी लिहीत बसली होती. विशीतली, दोन वेण्या, पाठ टेकलेली, कोपरं दोन्ही हातांवर. मी कोण ते सांगितल्यावर ती उठायला लागली. मी म्हटलं, नको, बस. तीही ठेक्यावरच होती. कुहीकडच्या एका खेड्यातली, इथे मावशीकडे राहून बी.कॉम. झालेली.

मी तिला विचारलं, "पहिल्या दिवशी आली तेव्हा खुर्ची मागा लागली का तुले?"

तिला प्रश्नच कळला नाही. "काहून काका?" ती म्हणाली. "होती ना इथंच."

शेठजी मागून आले आणि मला म्हणाले, बैठो. पोती तिथेच होती, पूर्वीइतकीच नरम. मी उभाच राहिलो. चहाही उभ्यानेच प्यायलो आणि दोर डिकीत टाकून परत आलो.

आई दारातच होती. तिने रिकामी स्कूटर पाहिली. "आनली नाई?"

"नाई," मी म्हटलं. "कामावर हाये ते."

आईने थोडा विचार केला. मग विचारलं, "दोन्ही हात हायेत ना तिले?"