कोटाची खुर्ची

लेकीच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाची कोच सामन्यात कधीच बसत नाही. तिच्या खुर्चीवर कोट बसतो आणि ती रेषेलगत येरझाऱ्या घालते. बघून माझाही जीव वरखाली होतो. बाई चुकीवर ओरडत नाही, कोणी माफी मागितली की मात्र डाफरते, "वायटर!" जर्मनमध्ये म्हणजे, पुढे चल. हल्ली घरी मी सॉरी म्हटलं की लेकही म्हणते, "आई, वायटर!"

परवा डार्मश्टाटच्या हॉलमध्ये लेक गुडघा धरून कोसळली. मी पहिल्या रांगेतून धावले. कोचने माझ्याकडे न बघताच हात आडवा धरला. "थांबा. ती उठेल."

मला रागच आला. पण लेकीवर नजर रोखून ती स्वतःशीच पुटपुटत होती, "वायटर, वायटर."

लेक उठली. कोच मटकन कोटावरच बसली.