टाकीतल्या दोन चिलापी

सौदीत नदी नाही. एकसुद्धा नाही. हे मी बाबांना फोनवर दहादा सांगितलं होतं. तरी या माणसाने कृष्णेवरचा गळ लुंगीत गुंडाळून बॅगेतून आणलाच.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून मी त्यांना व्हिजिट व्हिसावर ताइफला बोलावलं. व्हिसा वाढवून त्यांना इथेच ठेवून घ्यायचं माझ्या मनात होतं. विचारलं की म्हणायचे, "बघू." दिवसभर खिडकीत बसायचे. माझी मुलगी शाळेतून आली की तिला विचारायचे, "पाणी कुठं हाय गं हितं?" ती म्हणायची, "आजोबा, देअर इज नो रिव्हर हिअर." झालं, संपलं बोलणं.

मी नर्स. तेव्हा नाइटमागून नाइट लागत होत्या. पाय सुजलेले, डोक्याचा भुगा. त्यातच डोंगरात पाऊस झाला आणि गावाबाहेरच्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या ओढ्यात, पाणी साठलं. त्यात मासा नसणार हे उघडच होतं. पण मला सुचलं ते सुचलं! ड्यूटी सुटल्यावर थेट मासळीच्या दुकानात गेले आणि टाकीतल्या दोन जिवंत चिलापी मागितल्या. दुकानदार सुरी घेऊन तयारच.

"काटना नहीं? पक्का?"

"नहीं भैया, पानी के साथ दो."

बादली गाडीत घातली, मासे डोहात सोडले आणि मग घरी जाऊन म्हटलं, "चला बाबा, नदीला."

बाबांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला, गळाला कणकेची गोळी लावली आणि बसले. चेहरा असा खुलला, की मला वाटलं, जिंकलं! आता राहतात हे. मी दगडाला टेकून डुलक्या काढत होते.

"गावला!"

बाबांनी चिलाप हातात उलटीपालटी केली. तिची शेपटी कडेने झिजलेली होती, टाकीच्या भिंतीला घासून झिजते तशी.

"किती सोडलीस?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "दोन."

त्यांनी गळ अलगद काढला आणि तिला परत पाण्यात सोडलं. "ऱ्हाऊ देत जोडीनं."

परतताना म्हणाले, "रातभर उभी असतीस. आन् सकाळी म्हाताऱ्यासाठी मासे सोडत फिरतीस. मी हितं ऱ्हायलो तर तू झोपणार कधी, पोरी? माझं तिकीट काढ."

"बाबा, पण तिकडे एकटे..."

"नदी हाय की."

मी गाडी कडेला घेतली. रडू यायला हवं होतं, पण आली ती झोप. जाग आली तेव्हा बाबा बाहेर उभे होते. माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून गळाची लुंगी काचेवर धरून.