चटका न बसलेले पाय

डॉ. शालिनीताई गवाणकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला त्यांचे डॉक्टर शिष्य पुष्कळ आहेत. माझ्यासारख्या निवृत्त एसटी ड्रायव्हरकडे समितीने लेख का मागावा, हे मला अजून उमगलेले नाही.

ताईंची आणि माझी पहिली भेट शिमग्यातली. भर दुपारी गावची पालखी कातळावर नाचत होती आणि पालखीखाली आम्ही सगळे अनवाणी. कातळ असा तापलेला की बाकीचे एक पाय उचलून दुसरा टेकत होते. मी मात्र निवांत उभा. "सदूवर देवाची कृपा हाय! पाय भाजत नाय त्याचे," गुरव ओरडले आणि बायका माझ्या पाया पडू लागल्या. मलाही ते पटले, खोटे कशाला बोलू? ओटी भरायला आलेल्या ताई पाया पडल्या नाहीत. त्यांनी वाकून माझा तळवा पाहिला. फोड आले होते.

"दुखत नाही तुम्हाला?" त्यांनी विचारले.

"अजिबात नाय," मी छाती फुगवून सांगितले. ताईंचा चेहरा उतरला. देवाच्या कृपेवर शंका घेतली म्हणून गावाला त्यांचा राग आला, मलाही आला.

दुसऱ्या दिवशी फोडांवर मलमपट्टीला गेलो, तेव्हा दवाखान्यात त्यांनी खोदून खोदून विचारले. मुंग्या येतात? तळव्यांची आग होते? कापसावर चालल्यासारखे वाटते? चप्पल निसटलेली कळत नाही? सगळ्याला माझे 'हो'. याला न्यूरोपॅथी म्हणतात, मज्जातंतूंना इजा झाली की असे होते, असे त्यांनी समजावले. माझी उपाशीपोटीची साखर ठीक होती, पण तीन महिन्यांची सरासरी वाढलेली निघाली. बी-बाराही कमी.

"मग नक्की कशामुळे झालं?"

"दोन्हीमुळे असेल. थायरॉइड, दारू, काही औषधं, कारणं पुष्कळ असतात, सावंत. कित्येकांत तर सापडतच नाही. मला ठाम सांगता येणार नाही."

एवढ्या शिकलेल्या डॉक्टर 'सांगता येणार नाही' म्हणतात, याने मी पुरता गोंधळलो. पण विश्वास बसला तोही तेव्हाच.

"एक मात्र ठाम सांगते. ब्रेक किती दाबला जातोय हे तुमच्या पायाला कळत नाही. गाडी चालवायची नाही."

मी हात जोडले. स्टेअरिंग गेले तर मी कोण? कागदावर लिहू नका म्हणालो. ताईंनी लिहिले. मग स्वतः माझ्याबरोबर आगारात येऊन साहेबांसमोर बसल्या आणि मला हलके काम मिळवून दिले. पुढे दर गुरुवारी मी त्यांच्या गाडीतून वेळणेश्वरच्या मोफत तपासणी शिबिराला जाऊ लागलो. ताई गाडी चालवत आणि तिथे मी लोकांचे पाय तपासत असे.

दोन महिन्यांपूर्वी शिबिर आटोपल्यावर त्यांनी गमतीने स्वतःचा पाय पुढे केला आणि डोळे मिटले. ठोकल्यावर थरथरणारा नादकाटा अंगठ्याला टेकवायचा, पण मधूनच न ठोकता टेकवायचा, म्हणजे अंदाजाने बोलणारा सापडतो, हे त्यांनीच मला शिकवलेले. मी न ठोकता टेकवला.

"थरथरतंय," ताई म्हणाल्या.

ठोकून टेकवला. "आता थांबलं."

सांगू की नको? ज्यांनी मला शिकवले त्यांना मी काय सांगणार? पण त्यांनी माझ्यापासून काही लपवले नव्हते.

"ताई, तुम्ही उलटं सांगितलंत."

ताईंनी डोळे उघडले. "साखर नाही मला, सावंत. मग कशामुळे हो?" त्यांनी विचारले, तेही मला! मग पर्समधून गाडीची किल्ली काढून माझ्यापुढे धरली, माझेही पाय तसलेच हे त्यांना आठवले आणि ती परत पर्समध्ये टाकली. गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीने परतलो.

तपासण्या चालू आहेत, कारण अजून सापडलेले नाही. शिबिर मात्र चुकलेले नाही. ताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या पावलांना पुन्हा जमीन कळो, एवढेच माझे देवाकडे मागणे. आता दर गुरुवारी आम्ही एसटीत शेजारी बसतो. उतारावर वळण आले की खाली पाहावे, तर आम्हा दोघांच्याही उजव्या पायांनी समोरचा पत्रा दाबून धरलेला असतो.