दोन बाजूंची गाडी

माझ्या नवऱ्याला मदत करायची खोड आहे. न विचारता. असा मदतनीस वैऱ्याच्याही घरी नसावा.

माझे बाबा ओतकामाच्या कारखान्यात होते. लोखंड ओतण्याआधी जो लाकडी नमुना लागतो, तो कोरायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी छोट्या गाड्या कोरायला घेतल्या. त्याही कसल्या, तर पन्नासच्या दशकातल्या, प्रदर्शनापुरत्या घडवलेल्या, रस्त्यावर कधी न आलेल्या. लांबलचक बॉनेट, वर काचेचा घुमट, मागे माशासारखे पंख. आई करवादायची, "जी गाडी कुणी चालवली नाही, तिच्यापायी रोज जेवण थंड करता!" बाबा हसायचे आणि कानस घासत राहायचे.

शेवटची गाडी करताना त्यांची नजर गेली. उजेड-अंधार कळण्यापुरतीच उरली. निम्मं काम त्यांनी बोटांनी चाचपून केलं. त्या काळी नव्या गाडीचा मातीचा नमुना करताना कारागीर कधीकधी तिच्या दोन बाजू वेगवेगळ्या घडवत. डावीकडे एक कल्पना, उजवीकडे दुसरी. कंपनीच्या साहेबांनी फेरी मारायची आणि एक निवडायची. या गाडीच्या साहेबांना दोन्ही पसंत पडल्या नाहीत, नमुना मोडून टाकला. उरले दोन फोटो, एकेका बाजूचा. बघणाऱ्यांना वाटे, गाड्याच दोन असतील. बाबांनी नजर शाबूत होती तेव्हाच चाकांमधलं अंतर आणि छपराची कमान ताडून पाहिली आणि ओळखलं, गाडी एकच. म्हणून त्यांनी डावीकडे उंच पंख ठेवला आणि उजवीकडे बुटकी, गोल पाठ. हे मी नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्याने मोबाइलमध्ये डोकं घालून "हं, हं" केलं. पालथ्या घड्यावर पाणी!

बाबांच्या वाढदिवसाला हा एक चकचकीत खोका घेऊन आला. आत तीच गाडी. बाबांच्या फळीवरून कधी उचलली होती कोण जाणे.

"बाबा, सरप्राइज! तुमची गाडी दुरुस्त करून आणली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात पुढे केले. बोटं बॉनेटवरून छपरावर गेली, तिथून मागे, आणि डावीकडे थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथेच थांबली.

"पंख कुठाय?"

"अहो, ती बाजू बिघडली होती. तुम्हाला दिसत नाही ना आता, व्हायचंच असं. कापून उजवीसारखी करून घेतली. एकदम सेम!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कापलेला तुकडा कुठाय?"

"तो काय ठेवायचाय? दुरुस्तीवाल्याने टाकला असेल."

"तुला कुणी सांगितलं होतं हे उपद्व्याप करायला? बाबांना विचारायचंस तरी!"

"घ्या! चांगलं करायला जावं तर हे असं."

मी आणखी बोलणार होते, पण बाबांनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांनी गाडी खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि खोका जावयाकडे सरकवला.

"जावईबापू, ही तुम्ही घेऊन जा."

"मला? खरंच?"

"तुमचीच आहे. माझी नाही ही."

पठ्ठ्या खूश! त्याला वाटलं, भेट मिळाली. बाबांचे ओठ थरथरत होते, ते त्याला दिसले नाहीत, आणि आंधळे म्हणे बाबा. मला बाबांचाही संताप आला. जावयाला एक सणसणीत ठेवून द्यायची होती त्यांनी. जन्मभर लाकूड तासून माणूस इतका मऊ कसा राहतो? त्यानंतर त्यांनी कानस हातात धरली नाही. विषय काढला की म्हणतात, "जाऊ दे गं." का जाऊ दे?

गाडी आता आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे वाकून बघतात, म्हणतात, "काय सफाई! दोन्ही बाजू कशा हुबेहूब!" नवरा छाती फुगवून सांगतो, "सासऱ्यांनी केलीय, दिसत नसताना." मी चहाचा ट्रे आदळते आणि दरवेळी सगळ्यांदेखत सांगते, "खोटं बोलतोय. माझ्या बाबांनी असली गाडी कधीच केली नाही."