काचेतलं चाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला भला माणूस समजता आणि मला त्याचा आता वीट आलाय. ऐका. मधेच धीर देऊ नका — तेवढं मात्र करू नका.

सुपडू हा माझ्या धाकट्या बहिणीचा, यमुनेचा, नवरा. चोपड्याकडचा. मुंबईला एका कारखान्यात आम्ही दोघं रंगीत काचेचं काम शिकलो. हिरकणीने काच कापायची, तुकडे शिशाच्या पट्टीत बसवायचे, सांध्यांना डाख द्यायचा — आणि तुकड्यातुकड्यांतून चित्र उभं करायचं. त्याला तिथे मीच नेलं; मला तो नाना म्हणतो. बहीणही मीच दिली.

मला तो आवडत नसे. नाही, असं गुळमुळीत कशाला बोलू? मी त्याचा द्वेष करायचो. माझं काम बघायचा, हलकीशी शीळ घालायचा आणि निघून जायचा. माझ्या घरी जेवायला बसला की स्वतःच्याच हाताचं कौतुक. उर्मट होता, तोंडाळ होता. पण हे सगळं मी गिळलं असतं. त्याचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं — हे कसं गिळायचं?

जळगावात स्टेशनसमोर एका मारवाडी शेठजींनी हॉटेल बांधलं. वर खोल्या, खाली जेवणाचं मोठं दालन. मामलेदार, वकील, कापसाचे मुंबईचे व्यापारी तिथे उतरायचे. शेठजींना दालनाच्या पश्चिमेच्या भिंतीत काचेचं एक भलं मोठं चित्र हवं होतं. जेवता जेवता पाहुण्याला आपला खानदेश दिसावा, अशी त्यांची हौस. आम्ही दोघांनी कागदावर चित्रं नेली. मी कमळांच्या तळ्यातले राजहंस काढले होते. सुपडूने त्याच्या बापाच्या विहिरीवरून जे दिसतं ते काढलं होतं. शेठजींनी माझ्यादेखत त्याला विचारलं, तुझ्या नानांचं चित्र कसं वाटतं? तो म्हणाला, "हात सरळ शे त्यासना, शेठजी. पन डोयाले काही दखात नही."

हात सरळ, पण डोळ्यांना काही दिसत नाही! शेठजी हसले. भिंत त्याला मिळाली. मला मिळाली खिडक्यांची तावदानं.

आता त्याचं चित्र सांगतो. वर संध्याकाळचं केशरी आभाळ, त्याच्या बुडाशी सातपुड्याची बारीक निळी रेघ. मधे फुटलेल्या कापसाचं वावर, सगळी दुधी काच. खाली केळीचा हिरवा मळा. आणि वावराच्या मधोमध विहीर, तिच्यावर मोटेचं चाक, आऱ्यांसकट. उन्हं कलली की ती भिंत पेटायची. जेवणाऱ्यांच्या ताटांवर रंग पडायचे. वाढपी पोळीचं ताट हातात धरून तिथेच उभे राहायचे.

ते कायदेभंगाचे दिवस होते. झेंडा हातात दिसला की माणूस आत. हॉटेल सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारी फौजदार जेवायला आला, तेव्हा मी खिडकीचं एक तावदान बसवत होतो. त्याने हात धुतले, पान लावलं. मी त्याच्याजवळ गेलो आणि हात जोडून विचारलं, "साहेब, वर केशरी, मधे पांढरं, खाली हिरवं, आणि मधोमध चाक — असलं चित्र सरकारी माणसांच्या जेवणाच्या खोलीत चालतं का?"

एवढंच. चुगली म्हणा, अर्धवट प्रश्न म्हणा. त्याने मान वर केली, आणि त्याचं पान हातातच राहिलं.

संध्याकाळी शिपाई आले. शेठजींनी सरळ कानांवर हात ठेवले — मला काय ठाऊक, कारागिराने आपल्या मनाने केलं. सुपडू आडवा आला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि ओरडत राहिला की हे आमचं वावर आहे. लाठी काचेवरही पडली, त्याच्यावरही पडली. वरची काच खाली आली आणि त्याच्या उजव्या मनगटातून गेली. मी कुठे होतो? शिडीवर. शिडीवरून उतरलो नाही.

त्याला शिक्षा झाली. सुटून आला तेव्हा हाताची बोटं मिटत नव्हती. हिरकणी त्याने पुन्हा धरली नाही. यमुना सरकी काढायच्या जिनात कापूस निवडायला जाऊ लागली, आणि शेठजींच्या भिंतीत माझे राजहंस बसले. खानदेशात राजहंस कुणी पाहिलाय? मीही नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती कबुली. मत्सर होता, तोंडातून शब्द निघून गेला. नाही. तसं असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो.

चाक मी सांगितलं होतं.

चित्र अजून माझ्या घरी जमिनीवर मांडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. रंग जुळले होते, पण मधलं पांढरं वावर त्याला रिकामं वाटत होतं. कधी नव्हे तो त्याने मला विचारलं, "नाना, मझार काय टाकू?" त्याला केळी दिसत होती, कापूस दिसत होता. मला — ज्याला काही दिसत नव्हतं त्याला — झेंडा दिसला. आणि झेंड्यावर त्या वेळी चरखा असायचा. मी म्हणालो, "मोटेचं चाक घाल." तो खुश झाला. माझ्या पाठीवर थाप मारली त्याने.

मला तेव्हाच ठाऊक होतं का, की पुढे मी काय करणार आहे? होतं. फौजदार त्या दालनात जेवतो, हेही ठाऊक होतं. शब्द निसटला नव्हता. मी वाट बघत होतो.

कोर्टात त्याने चाकाचं नाव काढलं नाही. मी स्वतःची समजूत घातली की हा इतका गर्विष्ठ, दुसऱ्याने सुचवलेलं याच्या लक्षातही राहिलं नसेल. पण सुटून आल्यावर त्याने यमुनेला बजावलं होतं — चाक नानांनी सांगितलं हे कुठे बोलू नकोस, त्यांनाही नेतील. यमुनेने हे मला डोळे पुसत सांगितलं. ऐकून मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतं? राग आला. आणखी राग आला. इथेही तोच वरचढ.

यंदा ऑगस्टात, स्वातंत्र्याच्या सोहळ्यात, त्याच दालनात सत्कार झाला. शेठजींच्या मुलाने सुपडूला फेटा बांधला, काचेतला झेंडा राखणारा म्हणून हार घातला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी झेंडा काढा नही. आमना वावरमातून दखास ते काढं." लोकांना वाटलं, केवढा हा विनय. टाळ्या थांबेनात. तो चिडून खाली बसला. खरं बोलून खोटा ठरलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला — आणि टाळ्या वाजवल्या.

एक सांगायचं राहिलं. तो आत होता तेव्हा यमुनेने मला विचारलं होतं की फौजदाराला कुणी सांगितलं. मी हॉटेलच्या आचाऱ्याचं नाव घेतलं. का त्याचंच? समोर आलं म्हणून. बिचारा परमुलखातला, एकटा माणूस. यमुना हॉटेलच्या दारात जाऊन त्याला चार माणसांत बोलली. शेठजींनी त्याला काढून टाकलं. तो कुठे गेला, मी कधी विचारलं नाही.

यमुना अजूनही सणाला मला जेवायला बोलावते. सुपडू शेजारी डाव्या हाताने जेवतो. भाकरी वाढता वाढता तिला त्या आचाऱ्याची आठवण येते, आणि ती त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालते. मी मान डोलावतो, आणि जेवतो.